विनोदी कादंबरीत हसवतो तो निवेदक. पडद्यावर त्याला बसवायचं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: डग्लस ॲडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही कादंबरी तुम्ही कॉलेजात वाचलीत, आणि तेव्हापासून ती तुमच्या उशाशी आहे. आता इतक्या वर्षांनी 2005 चा सिनेमा पाहिलात. आर्थर डेंट आहे, टॉवेल आहे, विश्वाच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं उत्तर असलेलं बेचाळीस आहे, मार्व्हिन नावाचा उदास रोबो आहे, सगळं जागच्या जागी आहे. तरी पुस्तक वाचताना जसं हसू येतं तसं आलं नाही. मग कमी पडलं कुठे? आणि घरात चौदा वर्षांची मुलगी आहे, तिला आधी पुस्तक द्यावं की सिनेमा दाखवावा?

मी पटकथा लिहिते. त्यातही कथा-कादंबऱ्यांची पडद्यासाठी रूपांतरं करणं हे माझं मुख्य काम, आणि विनोदी साहित्याचं रूपांतर हा त्यातला मला सर्वांत अवघड वाटणारा भाग. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. बायपास काढायचा म्हणून आर्थर डेंट नावाच्या एका साध्या इंग्रज माणसाचं घर पाडायला बुलडोझर येतो. त्याच दिवशी अंतराळातला महामार्ग काढायचा म्हणून व्होगॉन नावाचे परग्रहवासी अख्खी पृथ्वी पाडून टाकतात. आर्थरचा मित्र फोर्ड प्रीफेक्ट हा मुळात परग्रहावरचा. तो आर्थरला घेऊन वेळेवर निसटतो, आणि पुढे दोघांची आकाशगंगेत वणवण सुरू होते. फोर्ड ज्या प्रवासी मार्गदर्शक ग्रंथासाठी लिहितो, त्याचंच नाव कादंबरीला दिलेलं आहे. तो ग्रंथ मधूनमधून गोष्ट थांबवून आपल्याला माहिती देत असतो.

आता तुम्हाला आवडलेले विनोद आठवून पाहा. त्यातले प्रत्यक्ष घडणारे विनोद किती आणि सांगितले जाणारे किती? व्होगॉनांची जहाजं पृथ्वीवर येतात त्या जागी ॲडम्स लिहितो की विटा जशा हवेत तरंगत नाहीत, अगदी तशीच ती जहाजं आकाशात तरंगत होती. या वाक्यात घडतं काय? जहाजं येऊन थांबतात, एवढंच. हसू येतं ते वाक्य मध्येच ज्या पद्धतीने वळतं त्यामुळे. डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहत असतं, आणि ‘नाहीत’ या एका शब्दाने ते काढून घेतलं जातं. कॅमेऱ्याला हे जमणारं नाही. एखादी गोष्ट घडत नाहीये हे दाखवण्याची सोय कॅमेऱ्यात नसते.

सिनेमाच्या कलादिग्दर्शनाने इथे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. व्होगॉनांची जहाजं त्यांनी प्रचंड, करड्या, काँक्रीटच्या ठोकळ्यांसारखी केली. सरकारी इमारत उचलून आकाशात टांगावी तशी ती दिसतात. ज्याने हे केलं त्याने पुस्तक प्रेमाने वाचलेलं आहे याबद्दल मला शंका नाही. वाक्यातली वीट त्याने पडद्यावर आणली. पण ‘नाहीत’ मागेच राहिलं. पडद्यावर जे दिसतं ते भव्य आहे, कल्पक आहे; त्याने आपण चकित होतो, हसत नाही. तुम्हाला जे कमी वाटलं त्याचं एक टोक इथे आहे.

दुसरं टोक संवादांत आहे, आणि तिथे मला सिनेमावाल्यांचा खराच राग येतो, कारण तिथली चूक टाळता येण्यासारखी होती.

घर पाडायला आलेल्या प्रॉसर नावाच्या अधिकाऱ्याशी आर्थर वाद घालतो तो प्रसंग घ्या. प्रॉसर म्हणतो, आराखडे कार्यालयात सर्वांना पाहण्यासाठी लावलेले होते. आर्थर म्हणतो, ते शोधायला मला तळघरात जावं लागलं. तोच आमचा प्रदर्शन विभाग. बॅटरी घेऊन जावं लागलं. दिवे गेले असतील. जिनाही गेलेला होता. पण नोटीस मिळाली ना शेवटी? मिळाली, आर्थर म्हणतो: एका बंद पडलेल्या संडासात ठेवलेल्या, कुलूप लावलेल्या कपाटाच्या तळाशी, आणि त्या संडासाच्या दारावर पाटी होती, ‘बिबट्यापासून सावध राहा’.

याची बांधणी बघा. प्रॉसरचं प्रत्येक उत्तर आपल्या जागी वाजवी आहे. सरकारी कचेरीत तळघर असतं, दिवे जातात, हे कोणीही मान्य करेल. आर्थरही आवाज चढवत नाही, फक्त माहिती देत जातो. अशा वाजवी उत्तरांच्या पायऱ्या उतरत उतरत आपण बिबट्यापर्यंत येतो, आणि तिथे पोचल्यावर लक्षात येतं की आपण केव्हाच वेडेपणाच्या हद्दीत शिरलो होतो. त्या पायऱ्यांवाचून बिबट्याला अर्थ नाही, आणि बिबट्यावाचून पायऱ्यांना.

सिनेमात हा संवाद लवकर आटोपता घेतला आहे. तळघराचा उल्लेख येतो, पण बोलणं बिबट्यापर्यंत पोहोचतच नाही. एडिट टेबलावर हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. पहिल्या दहा मिनिटांत पृथ्वी उडवायची असते. मग कोणीतरी म्हणतं, इथे गोष्ट पुढे सरकत नाहीये, दोन माणसं नुसती बोलतायत, कापा. गोष्टीच्या हिशेबाने ते खरंही असतं. घर पाडणार ही माहिती पहिल्या वाक्यातच मिळालेली असते. पण विनोदाचा हिशेब वेगळा असतो. विनोदी संवादात माहिती संपल्यानंतर खरं काम सुरू होतं.

शिवाय इथे आणखी एक नुकसान झालं. थोड्याच वेळात व्होगॉन कप्तान पृथ्वीवासीयांना जाहीर करतो की आराखडे अल्फा सेंटॉरीवरच्या तुमच्या स्थानिक नियोजन कार्यालयात 50 वर्षं लावलेले होते, आता आश्चर्य कसलं दाखवता? ही घोषणा सिनेमात आहे. पण तिचा पाया आर्थर आणि प्रॉसर यांच्या भांडणात घातलेला होता. संडासातला बिबट्या जितका पक्का मनात बसेल तितकी अल्फा सेंटॉरीची घोषणा अंगावर येते, कारण आपल्याला कळतं की विश्वातली कचेरी आणि गावातली कचेरी एकाच वृत्तीने चालते. कादंबरीचा कणा हाच आहे. पहिल्या प्रसंगातून अर्धा-पाऊण मिनिट वाचवलं, आणि त्याची किंमत पृथ्वी उडते त्या प्रसंगाला मोजावी लागली.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर मी ‘पुस्तकात होतं ते सगळं तसंच हवं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे असं वाटेल. मी त्या बाजूची नाही, आणि या कादंबरीच्या बाबतीत तर ती बाजू घेताच येत नाही. कारण हे मुळात पुस्तक नव्हतंच. 8 मार्च 1978 रोजी बीबीसी रेडिओ 4 वर ही श्रुतिका सुरू झाली. कादंबरी आली 1979 साली, पहिल्या चार भागांच्या आधारावर. 1981 मध्ये सहा भागांची टीव्ही मालिका झाली. प्रत्येक वेळी ॲडम्सने प्रसंग बदलले, क्रम बदलला, काही गोष्टी एकमेकींना छेद देतील अशा लिहिल्या. सिनेमाच्या पटकथेवरही तो अनेक वर्षं काम करत होता. 11 मे 2001 रोजी कॅलिफोर्नियात तो अचानक गेला, अवघा 49 वर्षांचा होता. पुढे केरी कर्कपॅट्रिकने पटकथा पूर्ण केली आणि गार्थ जेनिंग्जने दिग्दर्शन केलं. चाहत्यांना जे ‘घुसडलेलं’ वाटतं त्यातलं बरंच ॲडम्सचं स्वतःचं आहे. जॉन माल्कोविचने केलेलं हुम्मा कवुला हे पात्र त्याचं. ज्याच्यावर झाडाल त्याला तुमचा दृष्टिकोन क्षणभर कळवणारी बंदूक हीदेखील त्याचीच.

तेव्हा मूळ कोणतं आणि पाठभेद कोणता, हा वाद इथे निष्फळ आहे. मी रूपांतर पाहताना एवढंच विचारते: पुस्तकात जो सांगत होता, त्याचं काम इथे कोणी घेतलं?

रेडिओवर उत्तर सोपं होतं. पीटर जोन्स या नटाचा आवाज म्हणजेच तो ग्रंथ. त्याचं निवेदन ऐका. आवाजात किंचित गोंधळलेपण आहे, सौजन्य आहे, आणि समोरच्याला हसवायची कसलीही घाई नाही. सगळं विश्व त्या आवाजातूनच उभं राहतं, कारण रेडिओवर दुसरं काही नसतंच. कादंबरीत तोच आवाज गद्यात आला. मला वाटतं या पुस्तकाची वाक्यं इतकी कानात राहतात याचं कारण ती आधी कानासाठी लिहिलेली होती. 1981 च्या मालिकेत जोन्सचा आवाज कायम ठेवून त्याच्या जोडीला पडद्यावर रेखाचित्रं आणि अक्षरं आणली. ती संगणकावर केल्यासारखी दिसतात, पण खरं म्हणजे रॉड लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी ती हाताने काढलेली होती. आवाज एक सांगतोय आणि पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी वेगळंच चाललंय, अशी गंमत त्यात होती. ती मालिका आज दिसायला फार स्वस्त वाटते. झॅफॉड या दोन डोक्यांच्या पात्राचं दुसरं डोकं खांद्यावर निर्जीव ठेवल्यासारखं दिसतं. पण सांगणारा कोण आहे हे तिथे क्षणभरही विसरायला होत नाही.

सिनेमात हे काम स्टीफन फ्रायकडे आहे. फ्राय हा ॲडम्सचा मित्र, भाषेवर विलक्षण प्रेम असलेला माणूस, आणि आवाज उत्तम. शायनोला या चमूने केलेली ग्रंथाची चित्रं सपाट, खेळकर आणि देखणी आहेत. निवड चुकलेली नाही. चुकलं ते वाटणीत. 109 मिनिटांच्या सिनेमात ग्रंथाच्या वाट्याला छोटे छोटे तुकडे आले, आणि तेही बहुतेक ठिकाणी ‘ही वस्तू म्हणजे काय’ एवढं सांगण्यापुरते. पुस्तकात ग्रंथ विषयांतर करतो. बेबल मासा कानात घातला की कोणतीही भाषा कळते, एवढं सांगून तो थांबत नाही. तिथून निघून देवाच्या अस्तित्वाच्या पुराव्यापर्यंत आणि परत येतो. त्या भरकटण्यातच विनोद आहे. सिनेमात भरकटायला वेळ नाही. विषयांतराचा एक सुंदर नमुना, दोन जमातींचं युद्ध आणि कुत्र्याने गिळलेलं आरमार, त्यांनी शेवटी श्रेयनामावलीत टाकला आहे. तुम्ही नावं सुरू झाल्यावर बंद केलं असेल तर तेवढ्यासाठी परत लावा.

हे सगळं म्हटल्यावर आता देवमाशाबद्दल लिहायलाच हवं, कारण त्या प्रसंगात हा सिनेमा पुस्तकाच्या बरोबरीने उभा राहतो.

प्रसंग तुम्हाला आठवत असेल. जहाजावर दोन क्षेपणास्त्रं येतात, असंभाव्यतेचं इंजिन चालू होतं, आणि क्षेपणास्त्रांचा एक देवमासा आणि पिटुनियाच्या फुलांची एक कुंडी होते. एका ग्रहावर, आकाशात उंच. देवमाशाला नुकतीच जाणीव आली आहे आणि तो खाली पडतोय. तो स्वतःशी बोलतो: मी कोण, हे काय, अंगाला काय लागतंय, याला वारा म्हणू या, हे मागे काय हलतंय, याला शेपूट म्हणू या. आणि मग समोरून काहीतरी मोठं, रुंद, सपाट वेगाने जवळ येतंय, त्याला तो जमीन म्हणतो, आणि ती आपल्याशी मैत्री करेल का असा विचार करतो.

सिनेमात बिल बेलीने हा आवाज दिला आहे. फ्रायचं निवेदन आपल्याला दारापर्यंत सोडतं आणि बाजूला होतं. मग पडद्यावर एक प्राणी, आकाश आणि पडणं, एवढंच उरतं. चित्रात दुसरं काहीही विनोदी घातलेलं नाही. माशाचा चेहरा हसरा केलेला नाही, वाक्यावाक्याला कॅमेऱ्याची करामत नाही. वाक्यं पूर्ण होऊ दिली आहेत आणि दोन वाक्यांमध्ये श्वास घेऊ दिला आहे. आवाजात जन्माचा आनंद आहे, आणि डोळ्यांना मरण दिसतंय. वाचताना जमीन कधी येणार हे आपण विसरू शकतो, सिनेमात विसरता येत नाही. म्हणून मला तो प्रसंग पडद्यावर पुस्तकापेक्षाही हृदयाला भिडणारा वाटतो. पटकथेच्या वर्गात मी तो दाखवते तेव्हा मुलं आधी हसतात आणि मग हळूहळू हसायची थांबतात, आणि ॲडम्सला हेच हवं होतं अशी माझी खात्री आहे.

आणखी दोन ठिकाणी सिनेमाने निवेदकाचं काम दृश्याला दिलं आणि ते साधलं. एक म्हणजे व्होगॉनांच्या ग्रहावरची रांग. आर्थरला पूर्वी पृथ्वीवर भेटलेल्या ट्रिलियन या तरुणीला सोडवायला गेलेले वीर एका खिडकीसमोरच्या रांगेत अडकतात, फॉर्म भरतात, चुकीचा फॉर्म म्हणून परत पाठवले जातात. मी ब्रिटिश आहे, रांगेत उभं राहणं मला जमतं, असं म्हणून आर्थर पुढे होतो. पुस्तकात हा प्रसंग नाही. तरी तो अस्सल ॲडम्स वाटतो, कारण इथे कचेरीबद्दल कोणी बोलत नाही, कचेरी स्वतःच विनोद करते. त्या रांगेत 1981 च्या मालिकेतला जुना मार्व्हिनही उभा आहे. प्रेमाने ठेवलेली खूण आहे ती. व्होगॉनही संगणकावर न करता जिम हेन्सनच्या बाहुल्यांच्या कारखान्यात बनवलेले आहेत. त्यांचं मांस थलथलतं, ओठ लोंबतात, आणि त्यांच्या आळसाला वजन येतं.

दुसरी म्हणजे ती दृष्टिकोनाची बंदूक. शेवटी व्होगॉन गोळीबार करत असताना मार्व्हिन ती त्यांच्यावर झाडतो, आणि मार्व्हिनचं नैराश्य कळल्याबरोबर सगळं सैन्य जागच्या जागी कोसळतं. पुस्तकात याच्या जवळचा प्रसंग आहे: मार्व्हिन शत्रूच्या जहाजाच्या संगणकाशी आपलं मन मोकळं करतो आणि संगणक आत्महत्या करतो. तिथे ही गोष्ट आपल्याला नंतर कळते, मार्व्हिनच्याच तोंडून, सहज. सिनेमाला ‘नंतर कळणं’ फारसं मानवत नाही. तेव्हा तीच कल्पना डोळ्यांदेखत घडेल अशी फिरवली. मला रूपांतर म्हणून हे अभ्यासावं असं वाटतं. शब्द एकही तोच नाही, विनोद तोच आहे. ॲलन रिकमनचा थकलेला आवाज आणि वॉरविक डेव्हिसचं ते मोठं डोकं सांभाळत चालणं, यांतून तो मार्व्हिन उभा राहिला आहे.

मग सगळ्यात मोठी तक्रार: प्रेमकथा. पुस्तकात आर्थर आणि ट्रिलियन यांची एका पार्टीत भेट झालेली असते, झॅफॉड तिला घेऊन जातो, आणि योगायोगाने अंतराळात तिघे पुन्हा समोरासमोर येतात. तिथे ॲडम्सला प्रेमात रस नाही, योगायोगाच्या गणितात आहे. सिनेमात मात्र ट्रिलियन मिळवणं हाच आर्थरच्या प्रवासाचा हेतू होतो. मार्टिन फ्रीमन आणि झूई डेशॅनेल दोघंही गोड आहेत आणि काही क्षण खरंच चांगले जमले आहेत. पण त्याने पात्राची जातच बदलली. पुस्तकातल्या आर्थरला काहीच साधायचं नसतं. त्याला चहा हवा असतो. त्याच्यावर गोष्टी कोसळतात आणि तो ड्रेसिंग गाउनमध्ये उभा राहून ‘हे काय चाललंय’ विचारत राहतो. अशा माणसाला विश्वात जागा नाही, यावर विनोद उभा आहे. त्याला ध्येय दिलं, धाडस दिलं, शेवटी मुलगी दिली, की विश्व त्याच्या बाजूने उभं राहतं. ते झालं की निवेदकाला बोलायला काही उरत नाही.

सिनेमावाल्यांच्या बाजूने एक मात्र सांगायला हवं. कादंबरीला धड शेवटच नाही. ॲडम्सच मुदत पाळण्याच्या बाबतीत आपली कशी अवस्था असायची ते मोकळेपणाने सांगत असे. प्रकाशकांनी शेवटी, आहे ते पान पूर्ण कर आणि हस्तलिखित दे, असं सांगितल्याची त्याची हकिगत प्रसिद्ध आहे. पुस्तक जेवायला जाऊ या म्हणत संपतं आणि पुढचा भाग हाती घ्यावा लागतो. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला असं उठवता येत नाही. काहीतरी पूर्ण व्हायलाच हवं होतं. माझी हरकत त्यांनी काय पूर्ण केलं याला आहे. सिनेमात पृथ्वीची नवी प्रत चालू होते, सगळं परत मिळतं. कादंबरीच्या सुरुवातीच्या पानांत एक मुलगी आहे. रिकमन्सवर्थ गावातल्या एका छोट्या कॅफेत बसलेली असताना तिला अचानक उमगतं की जग चांगलं आणि सुखी कसं करता येईल. ती फोन करून कोणाला सांगणार, तेवढ्यात ते मूर्ख, भयंकर संकट कोसळतं आणि ती कल्पना कायमची जाते. एवढं सांगून निवेदक म्हणतो, पण ही गोष्ट तिची नाही. या पुस्तकाच्या विनोदाखाली ही हानी सतत वाहत असते. पृथ्वी परत दिली की ती हानी पुसली जाते. सिनेमा ही सुरुवात बाजूला ठेवून डॉल्फिनच्या गाण्याने उघडतो. गाणं फार छान आहे, मला पाठ आहे, पण त्या मुलीची जागा ते घेऊ शकत नाही.

तुमच्या मनात येईल की मग विनोदी कादंबरीचा चांगला सिनेमा होतच नाही का? होतो. 1749 साली हेन्री फील्डिंगने लिहिलेल्या ‘टॉम जोन्स’मध्ये लेखक पानोपानी वाचकाशी गप्पा मारतो. टोनी रिचर्डसनने 1963 मध्ये सिनेमा केला तेव्हा जॉन ऑस्बर्नच्या पटकथेत निवेदकाचा आवाज तर ठेवलाच, शिवाय कॅमेऱ्यालाच गप्पिष्ट केलं. सुरुवात मूकपटासारखी, पाट्या लावून. पात्रं आपल्याकडे बघून दाद मागतात. एका नाजूक प्रसंगी टॉम आपली हॅट सरळ भिंगावर टाकतो. फील्डिंग जसा नको तिथे पडदा ओढून घेई, तसंच हे. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. विल्यम गोल्डमनने आपल्याच ‘द प्रिन्सेस ब्राइड’ची पटकथा लिहिताना पुस्तकातला तो खटपटी संपादक-निवेदक काढून टाकला आणि आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा आणला. नातू मध्येच अडवतो, कंटाळतो, पुढे काय म्हणून विचारतो. निवेदकाला शरीर मिळालं आणि ऐकणाराही मिळाला.

आपल्याकडे चिं. वि. जोशींचे चिमणराव हे असंच अवघड प्रकरण होतं. तिथे चिमणराव स्वतःच हकिगत सांगतात, आणि आपण किती भाबडे आहोत हे त्यांना कळत नाही यातच मजा असते. दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकरांनी तो भाबडेपणा आवाजात, चालण्यात आणि टोपी सावरण्यात आणला. निवेदन कमी झालं तरी सांगणारा माणूस गेला नाही.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न. माझं मत विचाराल तर तिला आधी रेडिओचा पहिला भाग ऐकवा. अर्ध्या तासाचा आहे. दिवे मालवून, हातात फोन न घेता ऐकला तर उत्तम. बिबट्या त्यात आहे. तिची इंग्रजी चांगली असेल तर लगेच पुस्तक द्या आणि घाई करू नका. बेबल माशापर्यंत ती स्वतःहून तुम्हाला वाक्यं वाचून दाखवायला येईल. सिनेमा शेवटी, आणि एकत्र बसून. देवमासा आला की आवाज थोडा वाढवा. आणि बंदुकीच्या प्रसंगानंतर तिला विचारा की हे पुस्तकात कसं होतं. चौदाव्या वर्षी मुलं हे फार बारकाईने सांगतात.